मचाणावरचं नारिंगी गाठोडं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या शेवटी ९ दिवस बंदुकीने हरणं मारायची मुभा असते. पारा शून्याखाली. शिकारी अंधारातच झाडावरच्या मचाणावर चढतो आणि मग तासन्‌तास काहीच करत नाही. थंडी खरी वाजते ती हे काहीच न करताना. चालून आलेला घाम बसल्यावर गारठवतो, म्हणून जाणते लोक आत लोकरीचं बनियन घालतात आणि जाड कोट पाठीवर वाहून नेऊन वर पोचल्यावर चढवतात. ओलं सुती कापड ऊब धरत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

इथवर शहाणपण झालं. पुढे दुकानदार बोलतो. बॅटरीवर तापणारे मोजे, लोहभुकटीच्या गरम पुड्या, माणसाचा वास दाबणारं महागडं जाकीट (खिशात सॉसेज असतंच). एवढं अंगावर चढवल्यावर खांद्याला बंदुकीचा दस्ता टेकत नाही. आणि लघुशंकेला लागली तर कितव्या थरापासून सुरुवात करायची, हे कुठल्याच कॅटलॉगात नसतं. हरीण आपलं पोकळ केसांच्या एका कोटात हिवाळा काढतं.

वर कायद्याची अट: कमरेवरचा निम्मा तरी पोशाख भडक नारिंगी हवा. २०१६ पासून गुलाबीही चालतो. त्याने बायका शिकारीकडे वळतील, असा समर्थक आमदारांचा होरा. हरणाला नारिंगी धड ओळखताच येत नाही. तो रंग शेजारच्या मचाणावरच्या शिकाऱ्यासाठी. ट्रिगरपाशी बोट ठेवून तोही कुडकुडतोच आहे.