वरचे पन्नास युरो

एका युरोचे शंभर रुपये झाल्यापासून परदेशात खर्च करणं फार अवघड झालं आहे. पूर्वी ब्याऐंशीने गुणावं लागायचं. तो गुणाकार होईपर्यंत वेटर ऑर्डर घेऊन निघून गेलेला असायचा आणि माणूस सुटायचा. आता नुसती दोन शून्यं जोडायची. अज्ञानाची सोय राहिली नाही. त्यामुळे आमच्या क्रूझच्या बोटीवरच्या एका खास रेस्टॉरंटाच्या दारात ‘वाइन पेअरिंग ४५ युरो, प्रीमियम पेअरिंग ९५ युरो’ अशी पाटी दिसली तेव्हा मी ती सरळ साडेचार हजार आणि साडेनऊ हजार अशीच वाचली. खाली बारीक अक्षरांत १८ टक्के सेवाशुल्क होतं, ते हिने वाचलं. बारीक अक्षरं नेहमी हीच वाचते. ऑडिटमधून निवृत्त झालेल्या माणसाची ती सवय जात नाही.

पाच पदार्थ, प्रत्येकाबरोबर एक वाइन. साध्यात आणि प्रीमियममध्ये जेवण तेच, ताटल्या त्याच, खिडकीबाहेरचा भूमध्य समुद्रही तोच. फरक फक्त ग्लासातला. वरच्या पन्नास युरोंत नक्की काय मिळतं, हा साधा प्रश्न होता आणि साधा माणूस असता तर त्याने तो साध्या पेअरिंगने सोडवला असता.

पण डोंबिवलीत आमच्या सोसायटीत मी वाइनमधला जाणकार समजला जातो. या कीर्तीचं भांडवल म्हणजे नाशिकच्या एका वायनरीत घालवलेली दुपार. तिथे एका मुलीने ग्लास दांडीला कसा धरायचा, कसा फिरवायचा, नाक कितपत आत घालायचं, हे शिकवलं. ती मुलगी हे दर तासाला नव्या घोळक्याला शिकवत होती, पण दीक्षा ती दीक्षा. तेव्हापासून हातात येईल ते मी फिरवतो. कोकम सरबत फिरवतो. एका मुंजीत पन्हं फिरवलं, तर यजमानीणबाईंनी ‘अगंबाई, काही पडलं का त्यात?’ म्हणून पेला बदलून दिला. ‘टॅनिन’ हा शब्द मी चहाबद्दलसुद्धा वापरतो, आणि चहात टॅनिन खरंच असतं, त्यामुळे मला कोणी टोकतही नाही.

तरीही, पाटीशेजारचा सोमेलिए, म्हणजे वाइन सुचवणारा माणूस, फ्रेंच किंवा फिलिपिनो असता तर मी निर्लज्जपणे ‘साधं’ म्हणालो असतो. परक्या माणसापुढे कंजूष व्हायला काही वाटत नाही. तो आपल्याला पुन्हा भेटणार नसतो आणि भेटला तरी आपण सगळे त्याला सारखेच दिसतो. पण याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली ‘इंडिया’ होतं, आणि हिने एका नजरेत, नुसत्या आडनावावरून, तालुका ओळखला.

“खंयचे तुमी?”

“वेंगुर्ल्याचो.”

“माजा म्हायार कुडाळ!”

झालं. त्यानंतर ती दोघं मालवणीत जे सुटली ते मला निम्मंच कळलं. आम्ही मूळचे देशावरचे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मालवणी वेगात गेली की मी मान डोलावतो. मला एवढंच समजलं की आपल्याकडचा एक मुलगा इथे सूट घालून उभा आहे, त्याला बरोलो आणि बार्बारेस्को या वाइनमधला फरक तोंडपाठ आहे, आणि त्याच्या देखत ‘पंचेचाळीसवालं द्या’ म्हणणं मला या जन्मी जमणार नाही. माणूस आपल्याच माणसांसमोर सगळ्यात महाग पडतो.

“उद्या सांगतो,” मी इंग्रजीत म्हणालो. इंग्रजीत म्हणण्याचं काही कारण नव्हतं.

रात्री केबिनमध्ये हिने हिशेब मांडला. एका पदार्थाबरोबर ओततात साधारण पंचाहत्तर मिली. पाच पदार्थांचे झाले तीनशे पंचाहत्तर, म्हणजे बरोबर अर्धी बाटली. प्रीमियमचे ९५ आणि वर १८ टक्के, म्हणजे ११२ युरो. “अर्ध्या बाटलीला अकरा हजार दोनशे,” ती म्हणाली. “आणि पंचाहत्तर मिली म्हणजे काय, माहितीये? आत्यांची वाटी.”

आता आत्याचं नाव निघालं, तर सांगायलाच हवं. आमच्या घरात अन्नाबरोबर पेय जुळवण्याची शिस्त पहिल्यांदा आणली ती आत्याने, द्राक्षासवाच्या रूपाने. जेवणानंतर, समभाग पाण्यातून, एका ठरलेल्या स्टीलच्या वाटीत. चमचे दोन, असं वैद्यांनी सांगितलं होतं. पण चमचा कुठला हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आत्याने ती मोकळीक वाढपाच्या डावापर्यंत ताणली होती. एकादशीला जेवण नाही म्हणून आसव नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर घेतलेलं तिला चालत नसे, ‘जुळत नाही’ म्हणायची. नवी बाटली आली की वाटी खिडकीशी नेऊन रंग बघायची, नाकाशी न्यायची, एक घोट जिभेवर धरायची आणि ‘या खेपेचं तुरट आहे’ किंवा ‘हे मुरलंय छान’ असा निकाल द्यायची. सांडूंचं चांगलं की धूतपापेश्वरचं, यावर तिचा आणि शेजारच्या काकूंचा वाद एक पावसाळाभर चालला होता. बाटलीवर ‘स्वयंनिर्मित अल्कोहोल १२ टक्क्यांपेक्षा अधिक नाही’ असं छापलेलं असे. ते आम्ही मुलं मिटक्या मारत वाचायचो, आत्या वाचत नसे. द्राक्षं, साखर, आंबवण्याला धायटीची फुलं, आणि मग बरणीत महिनाभर मुरवण. यात आणि फ्रान्समध्ये जे चालतं त्यात फरक फुलांचा आणि श्रद्धेचा. माझा चुलतभाऊ एकदा मित्राच्या हळदीहून बिअर पिऊन आला, तर आत्याने त्याला दारात अडवून तोंडाचा वास घेतला आणि ‘या घरात हे चालायचं नाही’ म्हणून रात्रभर ओटीवर झोपवलं. बिअरमध्ये पाच टक्के असतं. आत्या तेव्हा नुकतीच जेवून उठली होती.

मला कधीकधी वाटतं, मी वायनरीत शिकलो ते सगळं त्या खिडकीशी आधीच शिकलो होतो. पण डोंबिवलीत हे सांगून मान मिळत नाही.

हिच्या हिशेबाला उत्तर म्हणून मी विज्ञान काढलं. २००८ साली कॅलिफोर्नियात हिल्के प्लासमान, अँटोनिओ रांगेल वगैरे संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात निजवून नळीने वाइन पाजली. तीच वाइन, एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वदची म्हणून. नव्वदची म्हटल्यावर ती लोकांना जास्त आवडली, हे तर झालंच. पण मेंदूतला सुखाची नोंद ठेवणारा भागही जास्त उजळला. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच जास्त सुख झालं होतं.

“म्हणजे महाग असण्याचीसुद्धा एक चव असते,” मी म्हणालो. “पैसे वाया जात नाहीत. मेंदूत जमा होतात.”

हिने चष्मा काढला. “मग त्या मुलाला सांगते, तुम्हाला साधी ओत आणि प्रीमियम म्हणून सांग. पन्नास युरो वाचतील आणि मेंदूही खूश.”

ऑडिटवाल्यांशी विज्ञानाच्या गोष्टी करू नयेत. मी मग बोर्दोच्या फ्रेदेरिक ब्रोशे यांचा प्रयोग सांगितलाच नाही. त्यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली होती, आणि विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं होतं. ते विद्यार्थी होते तरी. मी तर नाशिकची एक दुपार होतो.

दुसऱ्या दिवशी बोट जिनोआला लागली होती आणि गुरुवार होता. गुरुवारी ही शाकाहारी. सोमेलिए संध्याकाळी लवकर भेटला, रेस्टॉरंट अजून रिकामं होतं, आणि त्याने जे सांगितलं ते पाटीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. पेअरिंग लावतात ते मांसाहारी मेनूला धरून. मुख्य पदार्थ स्टेक असतो म्हणून समोर टॅनिनची वाइन येते. मांसातली प्रथिनं आणि चरबी ते टॅनिन सोसतात, मऊ करतात. शाकाहारी माणसाच्या पुढे शतावरीच्या कोंबांचा रिसोटो येतो आणि ग्लास मात्र तोच. शतावरी म्हणजे वाइनची वैरीण. “काकूंना प्रीमियम दिली तर जिभेवर खिळा ठेवल्यासारखं लागेल,” तो म्हणाला. मीठ असेल तिथे फेसाची वाइन, तेलकटाला आंबट, गोडाबरोबर त्याहून गोड. हे जुळणं किमतीवर नसतं. पाच युरोची आंबट पांढरी वाइन माशाला जशी जुळते तशी पन्नास युरोची ओकच्या पिंपातली जुळेलच असं नाही. प्रीमियम म्हणजे वाइन भारी. जोडी भारी असेलच असं नाही.

“मग घेऊच नये?” मी विचारलं, आणि आवाजात सुटकेचा सूर फार येऊ दिला नाही.

“तसं नाही काका. यादी मागायची. त्यात निर्माता आणि साल लिहिलेलं असेल तर विचार करायचा. नुसतं ‘प्रीमियम रेड’ असेल तर सोडायचं. जी बाटली तुम्ही जन्मात अख्खी घेणार नाही, तिचा एक ग्लास मिळतो, एवढाच खरा फायदा.” मग त्याने एक उपकरण दाखवलं. बूच न काढता त्यात सुई खुपसून वाइन काढायची आणि मोकळ्या जागेत आर्गॉन वायू सोडायचा, म्हणजे उरलेली बाटली टिकते. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या ग्रेग लॅम्ब्रेक्ट नावाच्या माणसाने ते शोधलं. बायको गरोदर होती, ती पीत नव्हती, आणि त्याला स्वतःपुरता एकच ग्लास हवा होता. बायकोच्या न पिण्यातून लागलेल्या या शोधाबद्दल मी हिच्याकडे बघितलं. ती मेनू वाचत होती.

माझ्या यादीत साध्याला बार्बेरा होती, प्रीमियमला बरोलो. दोन्ही त्याच पिडमॉन्टच्या टेकड्यांतल्या, जिनोआच्या मागच्या डोंगरांपलीकडच्या. बरोलोला कायद्याने किमान ३८ महिने मुरावं लागतं, त्यातले १८ लाकडात. “माझं कंत्राट आठ महिन्यांचं,” तो हसला. शिमगा करून आलेला, दिवाळीच्या आसपास सुटणार. गणपती यंदाही व्हिडिओवर. खाली पाण्याच्या पातळीपाशी दोघांच्या खोलीत, वरच्या बंकवर दिवा लावून त्याने वाइनच्या परीक्षा दिल्या होत्या. हिने विचारलं, घरी काय आहे? काजूची बाग.

“आणि बोंडं?”

“कुजतंत.”

हे एकच मालवणी वाक्य मला पूर्ण कळलं. काजूची बी विकली जाते आणि रसरशीत बोंडं झाडाखाली सडतात. तेरेखोलची खाडी ओलांडली की त्याच बोंडाची फेणी होते, तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्यात पर्यटक ती बाटलीत भरून घरी नेतात. खाडीच्या अलीकडे तेच फळ, तीच माती, तोच वारा, आणि मे महिन्यात बागेतून चालताना तो आंबूस वास. हा मुलगा सूट घालून जगातल्या लोकांना सांगतो की या टेकडीचा उतार दक्षिणेकडे आहे म्हणून तुम्ही पन्नास युरो जास्त द्या, आणि लोक देतात. त्याच्या स्वतःच्या उताराबद्दल असं एक वाक्य कोणी लिहिलेलं नाही. तिथे काय बनवायचं याचा परवाना कुठल्या फायलीत आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं. मला एकदम फार राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी प्रीमियम मागवली. वेंगुर्ल्याच्या बोंडांना त्याचा काय उपयोग, हे मला आजही सांगता येणार नाही.

“एक प्रीमियम,” तो म्हणाला. “आणि काकू?”

“पाणी. आणि शेवटी ती गोड असते ना, तिचा एक ग्लास सुटा.” मग तिने मालवणीत आणखी काहीतरी सांगितलं, भराभर, आणि दोघं हसली.

तिथून माझं जेवण संपलं. म्हणजे खाल्लं मी सगळं, पण प्रत्येक घोट मी पुराव्यासारखा प्यायलो. बरोलो रंगाने फिकट आणि हिरड्या सुकवणारी, बार्बेरा गडद आणि आंबट. जाणकाराला नुसतं बघून कळतं. पण रेस्टॉरंटात दिवे इतके मंद होते की मला काट्याचमच्यातलाही फरक कळत नव्हता. तो माझ्या पाठीमागच्या फडताळाशी जाऊन ओतत होता. लेबल दाखव म्हणणं सोपं होतं, पण जो लेबल मागतो तो जाणकार कसला? मी फिरवत राहिलो. हिरड्या सुकत होत्या खऱ्या, पण त्या काळजीनेही सुकतात.

“कशी आहे?” हिने विचारलं.

“टॅनिन छान आहे,” मी म्हणालो.

हिची गोड वाइन आली. तिने एक घोट घेतला, डोळे बारीक केले आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. आसव. अगदी आत्याचं, मुरलेल्या खेपेचं. आम्ही दोघांनी तो ग्लास कोणतीही चर्चा न करता संपवला.

बोटीवर सगळा खर्च खोलीच्या कार्डावर चढतो आणि खोलीतल्या टीव्हीवर रोजच्या रोज दिसतो. हिने तो शेवटच्या दिवशी तपासला, टिकमार्क केला, सही केली. मी विचारलं नाही. पंचेचाळीस निघाले असते तर माझ्या जिभेची अब्रू गेली असती, पंच्याण्णव निघाले असते तर पन्नास युरो गेले असते.

पण उतरायच्या सकाळी तो लिफ्टपाशी भेटला. आपल्या मुलीसाठी घेतलेली चॉकलेटं त्याने हिच्याकडे दिली, कुडाळच्या भावाकरवी वेंगुर्ल्याला पोचवायला. ही पत्ता लिहून घेत होती तेवढ्यात मी त्याला जरा बाजूला घेतलं.

“त्या रात्री बरोलोच होती ना रे?”

“काका,” तो म्हणाला, “तुम्ही स्वतः एवढी फिरवून बघितलीत. मी काय सांगू?”