झुरळांचे मामलेदार

अमरावतीच्या काय किंवा अकोल्याच्या काय, कोणत्याही जुन्या वस्तीत, महसूल खात्यात उभी हयात घालवून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेला, आणि हाताखालचे शिपाई व समोरचे अर्जदार एकाच दिवशी अंतर्धान पावल्यामुळे घरातल्या झुरळांवर हुकमत गाजवू पाहणारा एक गृहस्थ हटकून आढळतो. आमच्या गल्लीतले साहेब रात्री निजानीज झाल्यावर, अंगात गंजिफ्रॉक, एका हातात विजेरी व दुसऱ्या हातात चप्पल, अशा सरंजामानिशी मोरीपासून दौऱ्यास प्रारंभ करतात.

त्यांच्या दफ्तरी या रयतेची वर्गवारी पक्की आहे. गटारातून वर येणारी, दीड इंच लांबीची, तांबूस ती 'अमेरिकन'. दिसायला दांडगी, पण मोरीला बारीक जाळी बसवली की बहुतांशी हद्दपार होणारी. उबदार व कोरड्या जागेची शौकीन अशी पट्टेरी जात घड्याळामागे आणि पूर्वजांच्या तसबिरींमागे बिऱ्हाड करते. तिच्याविषयी, पूर्वजांच्या भिडेने की काय, साहेबांचे धोरण सौम्य आहे. खरा दावा 'जर्मना'शी. अर्धा इंच देह, डोक्यामागे दोन काळ्या रेघा, आणि मादी तर तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिल्ले निघायची वेळ येईपर्यंत अंगाशीच वागवीत हिंडणारी, त्यामुळे एक मादी निसटली तरी सारा बंदोबस्त फुकट! हा प्राणी मुळात जर्मनीचा नसून सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या प्रदेशातच आशियाई रानझुरळापासून निपजला, असा निष्कर्ष जनुके तपासून शास्त्रज्ञांनी २०२४ साली काढला. ही वार्ता मी मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "लिनियसची १७६७ सालची नोंद जर्मनीच्या नावाने आहे. फेरफार मंजूर होईस्तोवर आम्ही नोंद मानू."

औषधाची माहिती मात्र त्यांना यथास्थित आहे. बोरिक पावडर, कणीक व साखर यांच्या गोळ्या फ्रिजमागे आणि ओट्याखाली ठेवाव्यात. विष पोटात जाऊन सावकाश काम करते, सबब धीर धरावा. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना धीर धरायला लावला त्याला स्वतः तो धरण्याचा सराव कुठून असणार? दुसऱ्याच दिवशी साहेब त्याच गोळ्यांवर फवारा मारतात, आणि झुरळे त्या वासाने गोळ्यांकडे पाठ फिरवतात.

अन्नावाचून महिनाभर तगणारे जर्मन झुरळ पाण्यावाचून पंधरवड्यात संपते, हे शास्त्र खरे. परंतु जिथे नळाच्या भरवशावर न राहता घरोघर ड्रम भरून ठेवावे लागतात आणि वैशाखात पारा पंचेचाळिशीपलीकडे गेल्यावर कुलरचा वाळा रात्रंदिवस ओला ठेवावा लागतो, त्या वऱ्हाडात झुरळाचे पाणी तोडणार कोण?

बाकी मुख्य ठाणे कुठे आहे, हे बाईंना पूर्वीपासून ठाऊक आहे. "अहो, पलंगाखालचे ते खोके एकदाचे कबाडीवाल्याले देऊन टाका ना! त्याच्यातच हायेत तुमचे सारे जर्मन."

खोक्यांत घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिले, लग्नपत्रिका आणि रजेच्या अर्जांच्या स्थळप्रती आहेत. साहेबांनी विजेरी खोक्यांवरून सावकाश फिरवली, भोवती पांढऱ्या खडूची रेघ ओढली आणि खुलासा केला, "ते अभिलेख 'अ' वर्गाचे आहेत. कायम जतन करायचे."