ओबडधोबड गोड

मोदकाच्या कळ्या मला कधी जमल्या नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत सासूबाईंनी माझा मोदक उचलला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि "चवीला काय, सारखाच लागतो" एवढंच म्हणाल्या. त्या वाक्याला आता चाळीस वर्षं झाली. म्हणून जुलैत लेकीकडे न्यू जर्सीला गेले असताना शेजारच्या आजीबाईंनी पीच कॉब्लर करून दाखवला, तेव्हा वाटलं, हा पदार्थ माझ्यासारखीसाठीच निघालाय.

खाली फळं, वर मैद्याच्या सैलसर पिठाचे गोळे, आणि भांडं ओव्हनमध्ये. गोळे लाटायचे नाहीत, कातायचे नाहीत. चमच्याने टाकायचे, पडतील तिथे पडतील. भाजल्यावर वरून दगडी फरसबंदीसारखं दिसतं, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात. भावंडंही नावाला साजेशी. 'स्लम्प' ताटलीत घेतला की बसकण मारतो, 'ग्रंट' शेगडीवर झाकणाखाली घुरघुरत शिजतो. आपल्याकडे पदार्थ बेढब झाला की करणारीला नावं ठेवतात. इथे त्यांनी ती पदार्थालाच ठेवली आणि विषय मिटवला.

आजीबाईंचं मोहन मात्र उलटं. आपण शंकरपाळ्यांना तूप कडकडीत करून घालतो. त्या लोणी फ्रीजमधून काढून थंडगारच मैद्यात चुरतात, आणि वाटाण्याएवढे तुकडे तसेच राहू देतात. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ हलकं होतं. मग बेकिंग पावडर, साखर, आणि जेमतेम भिजेल एवढं ताक. मी सवयीने मळायला लागले तर त्यांनी माझं मनगटच धरलं. कणीक तिंबण्यात जन्म गेलेल्या बाईला न मळणं किती अवघड, हे त्यांना कसं सांगणार? या पिठाला त्या 'बिस्किट' म्हणतात. ते ऐकून आमच्या ह्यांनी चहा टाकायला सांगितला.

पीच उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, की साल अलगद हातात येते. फोडींवर साखर, लिंबू, रस दाटायला थोडं कॉर्नफ्लोअर. त्यात मूठभर ब्लूबेरी हव्यातच, असा आजीबाईंचा आग्रह. कारण रानातल्या या झुडपांची बागायत याच राज्यात, व्हाइट्सबॉगला, एलिझाबेथ व्हाइट यांच्या शेतावर सुरू झाली आणि १९१६ साली पहिलं पीक बाजारात गेलं. सांगतानाचा सूर थेट आपल्या देवगडकरांचा.

पूर्वी ओव्हन नसे तेव्हा हाच कॉब्लर बिडाच्या भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून व्हायचा, हेही त्यांनीच सांगितलं. मला एकदम माझ्या आजीचं तवशाचं धोंडस आठवलं. तेही खाली निखारे, वर निखारे, आणि जळू नये म्हणून तिथून न हलणारी आजी.

मी हलले, तिथेच चुकलं. ३७५ फॅरनहाइटवर पाऊण तास लावून एकटीनं पहिला कॉब्लर केला आणि बाहेर जाऊन बसले. भांडं काठोकाठ भरलेलं. रस उतू जाऊन ओव्हनच्या तळाशी जळला आणि छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. कुणी घाबरलं नाही. फोडणीमुळे त्या घराला सवय आहे. हे खुर्चीवर चढून नॅपकिननं वारा घालू लागले, लेकीने खिडक्या उघडल्या. मग तो काळवंडलेल्या काठाचा ढिगारा व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर आम्ही चौघांनी खाल्ला. जावईबापूंनी तीनदा घेतला. कसा दिसतो, हे कुणीच बोललं नाही.

पुण्याला परतल्यावर आलूबुखारचा केला, चांगला झाला. हापूसचा मात्र करू नका. हापूस भाजणं म्हणजे पाप. आणि कुठल्याही फळाचा करा, भांड्याखाली एक ताट ठेवा.