न पाहिलेल्या चित्राची समीक्षा

चित्रावर मनापासून चिडायचं असेल, तर ते पाहण्याच्या भानगडीत पडू नये. डेन्मार्कच्या 'युलँड्स-पोस्टन'ने 30 सप्टेंबर 2005 रोजी मुहम्मद पैगंबर या विषयावर बारा व्यंगचित्रं छापली. त्यांतल्या एकात फळ्यापाशी उभा असलेला शाळकरी पोरगा चक्क त्याच वृत्तपत्राच्या पत्रकारांना चिथावणीखोर म्हणतो. पण एवढं कळायला चित्र बघावं लागतं. त्यांतली काही चित्रं ऑक्टोबरमध्ये, ऐन रमजानात, कैरोच्या 'अल फज्र'ने निषेधासह छापली, तरी कैरो पेटलं नाही. पेटले ते फेब्रुवारी 2006 मध्ये दमास्कस आणि बैरूतमधले डॅनिश दूतावास. मधल्या काळात डेन्मार्कमधले काही इमाम एक फाइल घेऊन अरब देशांत फिरून आले होते. त्या फाइलमध्ये वृत्तपत्राने कधीच न छापलेलं एक छायाचित्रही होतं: डुकराचं नाक लावलेला माणूस. तो निघाला फ्रान्समध्ये डुकरासारखं ओरडण्याच्या स्पर्धेत उतरलेला एक गडी! हे चित्र आम्हाला द्वेषपत्रातून आलं होतं, असा त्या इमामांचा खुलासा पुढे झाला. खुलासे नेहमी पायी येतात.

यावर कुणी म्हणेल, श्रद्धा दुखावायला डोळे कशाला हवेत? कुणी आपल्या आईला शिवी दिली, एवढं कानावर आलं तरी पुरे. मान्य. पण मग शिवी खरंच दिली का, एवढी विचारपूस तरी सुरा उपसण्याआधी व्हावी. पॅरिसजवळ सॅम्युएल पाती या इतिहासशिक्षकाने ऑक्टोबर 2020 मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तासाला 'शार्ली एब्दो' या व्यंगसाप्ताहिकातली पैगंबरांची व्यंगचित्रं दाखवली. मुस्लिम मुलांना वर्गाबाहेर काढलं, अशी तक्रार एका विद्यार्थिनीने घरी केली. वडिलांनी ती व्हिडिओतून जगाला ऐकवली आणि दुसऱ्या शहरातल्या अठरा वर्षांच्या तरुणाने येऊन शिक्षकाचा गळा चिरला. ती मुलगी त्या तासाला वर्गात नव्हतीच. फोनच्या पडद्यावर सगळं जग दिसतं म्हणतात. इथे चित्राऐवजी चित्राबद्दलचा संताप तेवढा दिसला, आणि तेवढाच पुढे ढकलला गेला.

आणि ते वृत्तपत्र तरी कुठलं सोवळं, हा आक्षेप मात्र खरा आहे. 2003 मध्ये येशूवरची व्यंगचित्रं याच 'युलँड्स-पोस्टन'ने नाकारली होती. शौर्याला तेव्हा सुट्टी असावी. त्याबद्दल संपादकांना खुशाल झोडपा. सौदी दुकानदारांनी डॅनिश लोणी फडताळावरून उतरवलं, तोही निषेधच होता. त्यात फार तर पाव कोरडा राहिला. पण ढोंगीपणाची शिक्षा दूतावासाला आग किंवा मास्तरांचा गळा, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

अर्थात विद्वानांनी यावर तोडगा काढलाच. युटा क्लाउसेन यांनी या साऱ्या प्रकरणावर पुस्तक लिहिलं आणि येल विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते 2009 मध्ये काढलं, पण तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, ती बारा व्यंगचित्रं वगळून. जोडीला दांतेच्या नरकातल्या पैगंबरांचं गुस्ताव्ह दोरेने 19व्या शतकात काढलेलं चित्रही गेलं. म्हणजे आता पदरचे पैसे मोजून, तळटीपांसकट, चित्रं न पाहता चिडण्याची सोय झाली.