पट्टीभाऊ

खामगावात काच कापणारे पुष्कळ आहेत, पण माशांची टाकी करून घ्यायची म्हटलं की लोक पट्टीभाऊंकडे पाठवतात, आणि पाठवताना हसतात. हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे; पण पाटी वाऱ्यानं पडू नये म्हणून भाऊंनी तिच्यावर आडवी लोखंडी पट्टी ठोकली, तेव्हापासून ते वाचता येत नाही.

भाऊंचं पोट तसबिरींवर चालतं. शेगाव जवळच, त्यामुळे गजानन महाराजांच्या तसबिरीला काच बसवायला रोज कुणीतरी येतंच. तीन एमएमची काच, तिच्यावरून हिरा एकदा ओढायचा, टक्‌ झालं की काम संपलं. भाऊंना त्यात रस नाही. तसबीर काचेला ढकलत नाही ना! त्यांचा जीव ढकलणाऱ्या गोष्टींत. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली की सुमारे 255 लिटर पाणी होतं, आणि ते एकट्या समोरच्या काचेला जवळजवळ सव्वाशे किलोच्या जोरानं रेटतं. उंची दोन फूट केली तर हाच रेटा सव्वादोनशेच्या घरात जातो. गिऱ्हाइकाला दिसतो गोल्डफिश. भाऊंना दिसतो दिवाणखान्यात चोवीस तास काचेला खांदा लावून उभा असलेला पैलवान.

‘जोर तळाशी जास्त, मग पट्टी वर कशाला?’ असं विचारणाऱ्याला भाऊ आधी स्टूल देतात. काचेची खालची कड तळाला चिकटलेली, दोन्ही बाजू शेजारच्या काचांना चिकटलेल्या. मोकळी राहते ती फक्त वरची कड, आणि लांब काच तिथंच मधोमध बाहेर फुगते. म्हणून वरून, आतल्या अंगानं, लांबीभर काचेच्या पट्ट्या डकवायच्या आणि मध्ये एक आडवी पट्टी टाकून समोरची काच मागच्या काचेला बांधून टाकायची. इथवर भाऊंचं शंभर टक्के बरोबर आहे. फरक एवढाच, की दुसरे कारागीर इथं थांबतात आणि भाऊंचा हात इथं कुठे बसायला लागतो. पट्टीवर पट्टी, कोपऱ्यात तिकोनी तुकडा, तिकोनी तुकड्याला टेकू.

“काच सांगून फुटत नाई सायेब,” भाऊ म्हणतात. “भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस निंघते, काच निंघत नाई.”

16 डिसेंबर 2022 ला बर्लिनमधल्या हॉटेलातली दहा लाख लिटरची टाकी फुटली, तिच्यात दीडेक हजार मासे होते, पाणी रस्त्यापर्यंत वाहून आलं. ते कात्रण भाऊंच्या दुकानात देवाच्या फोटोशेजारी आहे. ती टाकी काचेची नव्हती, अॅक्रिलिकची होती, आणि नळकांड्यासारखी गोल. तिला पट्टी लावणार कुठं? हे एका इंजिनिअर पोरानं सांगून पाहिलं. “म्हणून तं फुटली,” भाऊ म्हणाले. लोणारच्या सरोवराचा विषय त्यांनी स्वतःच काढला: “जिल्ह्यात बिनापट्टीची तेवढी एकच टाकी टिकली. थे बी मासे नाईत म्हणून.”

घरी वेगळी तऱ्हा नाही. खाटेखाली आडवे दांडे मारले, आता ट्रंक आत सरकत नाही. खिडकीच्या गजांना गज जोडले, त्यामुळे कूलर बसत नाही. विदर्भाच्या मे महिन्यात तो ओसरीवर उभा राहून गल्लीतल्या कुत्र्यांना गारवा देतो. वहिनी बोलायच्या थांबल्या आहेत. भाऊंचा प्रत्येक आधार कशाची ना कशाची वाट अडवतोच, आणि वाटेशी भाऊंना कधी देणंघेणं नव्हतं.

जळगाव जामोदच्या दातांच्या डॉक्टरांनी हेच नेमकं उकरून काढलं. त्यांनी ऑनलाइन फिल्टर मागवला होता. त्याचा डबा खाली कपाटात राहतो. एक नळी पाणी ओढते, दुसरी परत सोडते, आणि दोन्हींचे वाकडे गळे टाकीच्या कडेवर अडकवायचे असतात. गळ्यात काचेची जाडी मावेल एवढीच जागा, आणि भाऊंच्या कडेला आतून तीन इंचांची पट्टी. नळी पाण्यात उतरेचना.

“पट्टीला खाच पाडा ना.”

भाऊंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू दाढ काढायला बसलेल्यानं जबडाच काढायला सांगितला. बोलले मात्र कारागिरासारखे. चौकोनी खाचेच्या कोपऱ्यातून तडा धावतो. डायमंड बिट लावून, पाणी सोडत गोल भोक पाडता येतं, पण ते साध्या काचेला. टफन केलेल्या काचेला बिट लावला की तिचा चुरा. खरा उपाय एकच: मागच्या कोपऱ्यात पट्टी चार बोटं आधीच थांबवायची. काच फुगते मधोमध. कोपऱ्याला बाजूच्या काचेनं धरलेलंच असतं. हे सगळं भाऊंना कळतं. कळतं, पण सोसवत नाही.

तरी नव्या टाकीत त्यांनी कोपरा सोडला. नळी बसली, पाणी फिरू लागलं, डॉक्टरांनी पैसे दिले.

पुढच्याच आठवड्यात भाऊ पिशवीत सिलिकॉनची गन घेऊन एसटीत बसले. नांदुऱ्याला 105 फुटी हनुमानाला बसमधूनच हात जोडले आणि पायथा नीट आहे ना, तेही बघून घेतलं. दवाखान्यात पोचल्यावर नर्सनं त्यांना नंबर दिला. नंबर लागेपर्यंत भाऊंनी टाकीतलं पाणी मगानं उपसून खाली आणलं, कड फडक्यानं कोरडी केली आणि त्या मोकळ्या चार बोटांवर एक छोटी पट्टी डकवून टाकली. नळी आत तशीच. सिलिकॉनच्या व्हिनेगरी वासानं पेशंट नाकाला रुमाल लावून बसले.

“भाऊ, ही नळी आता धुवायची कशी?” डॉक्टर ओरडले. खारपाणपट्ट्यातलं पाणी, नळीच्या तोंडाशी पांढरा थर धरायला वेळ लागत नाही.

“धुवाची काहाले? टाकी तं फुटत नाई ना! चोवीस तास पाणी चढवू नका.”

भाऊ निघाले, तेवढ्यात खुर्चीवर आ करून बसलेली एक शाळकरी पोरगी त्यांना दिसली. तिच्या वरच्या दातांवरून तार गेली होती. भाऊ वाकून बघत राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांच्या लाइनीतलं भेटलं होतं.

“चांगलं काम हाय,” ते डॉक्टरांना म्हणाले. “पण आतून बी एक माराले पायजे होती.”