परसातला भोपळा : नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

आधी जागा मोजा. जळगाव-धुळ्याच्या कॉलनीत घरामागे जी पट्टी उरते तिची लांबी-रुंदी कागदावर लिहा आणि कागद फाडून टाका. भोपळ्याचा वेल सातबारा बघत नाही. दोन आळ्यांत दोन-तीन मीटर अंतर ठेवावं असं शास्त्र सांगतं. शेजाऱ्यांशी किती ठेवायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पेरणी जूनमध्ये, पहिला दमदार पाऊस झाल्यावर. मे महिन्यातच हुरूप आला तर कूलरसमोर पडून राहा, जाईल. आळ्यात कुजलेलं शेणखत घाला, दोन-तीन बिया इंचभर खोल टोका, उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची उपटा. उपटताना जीव कळवळतो. तरी उपटा. पाणी बेतानं, काळ्या जमिनीत ते साचलं की मूळ सडतं. केळीच्या जिल्ह्यात ज्याला-त्याला ठिबकची नळी अंथरायची हौस असते, पण भर पावसाळ्यात एका वेलासाठी ठिबक म्हणजे निव्वळ मिरवणं. तांबडे भुंगेरे कोवळ्या पानांची चाळण करतील. ते सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

महिना-दीड महिन्यानं पिवळीधमक फुलं येतात आणि गळून जातात. इथे नवशिका हाय खातो, आणि कुंपणापलीकडून सल्ले सुरू होतात: ताक घाल भो, राख टाक भो, नजर लागली, जुनी चप्पल टांग. काही करू नका. पहिली फुलं नर असतात, ती गळायचीच. मादी फूल मागून येतं, आणि त्याच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा आधीच बसलेला असतो. मधमाश्या फिरकत नसतील तर मधली सोयरीक तुम्ही जुळवायची. उजाडल्यावर एक नर फूल तोडा, पाकळ्या सोला आणि मधला परागाचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवा. दुपारपर्यंत फुलं मिटतात. उशिरा उठणाऱ्यांनी दोडका लावावा, तो संध्याकाळी फुलतो.

कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं की ते सडतं, असं जुनी माणसं म्हणतात. सडण्याचं खरं कारण अपुरं परागीभवन किंवा फळमाशीचा डंख. तरी ही समजूत मोडू नका. निदान पाहुण्यांचे हात खिशात राहतात.

तीन-साडेतीन महिन्यांत देठ वाळतो, सालीत नख रुतत नाही. जूनचं बी असेल तर हिशेब थेट पितृपक्षाला लागतो, आणि त्या पंधरवड्यात गंगाफळाच्या, म्हणजे याच भोपळ्याच्या, भाजीशिवाय पान पुरं होत नाही. वर्षभर वेलाला नावं ठेवणारे शेजारी आता वाटी घेऊन येतील. सर्वपित्रीनंतर तुम्ही फोड घेऊन गेलात तर दार उघडणार नाहीत. म्हणून देठासकट तोडा. अखंड भोपळा कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतो.

अखंड भोपळ्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची, असा बऱ्याच घरांत रिवाज आहे. चार महिने बाईनं पाणी घालायचं आणि शेवटी यानं येऊन उद्घाटन करायचं! आमच्या मते ज्यानं भुंगेरे वेचले त्यानं चिरावा.

उरलेल्याच्या घाऱ्या करा. कीस गुळात शिजवला की पाणी सुटतं, त्यातच मावेल तेवढी कणीक भिजवा. वरून पाणी घालू नका.