शेकोटी मिळेल ना?

पहिला फोन पुण्याहून आला तेव्हा मी गाईची धार काढत होतो. मोबाईल कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरलेला. "रात्री शेकोटी असते ना?" पलीकडून विचारणा झाली. "असते की," मी म्हणालो. किटली निम्मी भरली तेव्हा कुठं आठवलं, की आपलं गाव हिवरे बाजार आणि आपल्याकडं कुऱ्हाडबंदी आहे.

पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवायचा किडा डोक्यात शिरला तो सरकारनं 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा. थोरला नोकरीला गेल्यानं त्याची खोली रिकामी होती. आणि गावात माणसांना काय तोटा! पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाले, 1994 साली गाव आदर्श गाव योजनेत गेलं, आणि पुढं आमचे बांध, चर, पाझर तलाव बघायला गाड्यांवर गाड्या यायला लागल्या. पाहुणे डोंगरावरचे चर बघतात, फोटो काढतात आणि जेवायला नगरला जातात. मी म्हटलं, ते जेवण आपल्याच चुलीवर का नको?

"आणि चुलीपुढं कोण बसणार?" आमच्या मंडळींनी विचारलं. हा प्रश्न धोरणात नव्हता.

बाकीचे लोक काय देतात म्हणून चार जाहिराती वाचल्या. शेकोटी, उसाचा ताजा रस, रेन डान्स. शेकोटीचं वर सांगितलंच. ऊस आमच्या गावात लावत नाहीत, तो पाणी फार पितो. राहिला रेन डान्स. आमच्याकडं वर्षाकाठी पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास. तो मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं, अशी रीत. तिथं नळीला भोकं पाडून पाहुणे नाचवले असते, तर ते पाणी ताळेबंदात कुठल्या पिकाच्या नावावर टाकायचं? पुढं पुण्याच्या पाहुण्यांतल्या एकानं गाडीतून उतरता उतरता मला बाजूला घेऊन आवाज खाली करत विचारलं, "ती सोय होईल का?" म्हटलं, नशाबंदी आहे, ताक मिळेल. त्यानं दोन दिवसांत सात तांबे ताक प्यायलं, बहुधा रागानं.

पुण्याची मंडळी आली ती डिसेंबरात, नेमकी कांद्याच्या लागणीत. पहाटे पाचला धारा, सहाला डेअरीत दूध, सातला पाहुण्यांचा चहा, आठला रोजाच्या बायका वावरात हजर. पाहुणे उठले साडेनवाला. मग पोहे. एकाला शेंगदाणे चालत नव्हते, म्हणून पुन्हा पोहे. पोटभर खाऊन सगळे लागण शिकायला वावरात उतरले आणि हसतखेळत एक वाफा लावून टाकला. रोपं अशी खोल गाडली होती, की कांदा धरलाच तर बोअर घेऊन काढावा लागला असता, आणि शेतीसाठी बोअरलाही गावात बंदी. बायकांनी दुपारी तो वाफा उपटून पुन्हा लावला. एका वाफ्याची मजुरी मला दोनदा पडली.

संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. शेकोटी?

मी उद्यावर ढकललं. पण त्या रात्री गाभण गाईनं आमच्यापैकी कुणालाच विचारलं नाही. दोनच्या सुमाराला ती वेणा येऊन उठबस करायला लागली. बॅटरी धरायला कुणी नव्हतं म्हणून मी पाहुण्यांचं दार वाजवलं. सगळेच आले, चादरी गुंडाळून. वासराचे पुढचे दोन पाय दिसले, त्यावर टेकलेलं नाक दिसलं, आणि ताकवाल्या पाहुण्याच्या हातातली बॅटरी थरथरायला लागली. कालवड झाली. गारठा मरणाचा. आईनं गोठ्याच्या तोंडाशी गोवऱ्या रचून पेटवल्या आणि ओलं वासरू धगीला आणलं. सगळे भोवती बसले. धुरानं डोळे चुरचुरत होते, पण तक्रार कुणाचीच नव्हती. मी हळूच म्हणालो, "ही घ्या शेकोटी."

तिसऱ्या दिवशी खरवस खाऊन मंडळी निघाली. आता आमच्या आईचं शास्त्र असं, की पाहुण्याकडून पैसे घेणं हे पाप. तिला अजूनही वाटतं, ही सगळी थोरल्याच्या ओळखीची माणसं. तिनं बायकांच्या ओट्या भरल्या, खण दिले, वर पाच किलो कांदे, मटकी आणि तुपाची बरणी. आमच्या मंडळींनी वहीत हिशेब मांडला. दोन रात्रींचं भाडं एका बाजूला, आईची पाठवणी आणि वाफ्याची मजुरी दुसऱ्या बाजूला. उरले एकशे चाळीस रुपये.

तेही आईच्या नजरेआड घ्यायचे, म्हणून पैसे घेण्याचा क्यूआर कोड मी गोठ्याच्या दारामागं चिकटवलाय. पाहुणे निघताना एकेक करून गोठ्यात जातात, मोबाईल काढतात आणि बाहेर येतात.

त्या दिवशीही आई ओट्यावरून बघत होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई जीव हाय रं पोरांचा गाईवर. जाताना परत भेटून आली."